दात पडू नये म्हणून

सगळ्या जगात मुलांच्या हलणाऱ्या दाताला दोरा बांधतात तो दात काढायला. एक टोक दाताला, दुसरं दाराच्या कडीला, आणि घरातलं कोणीतरी हसत हसत दार लोटतं. माझ्या धाकट्या भावाने आपल्या नातीच्या दातांना दोरा बांधला तो दात पडू नयेत म्हणून. हे आठवलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमचा बँड आहे. दुकानांची उद्घाटनं, लग्नं, मिरवणुका, शाळांचे खेळ, कोणी बोलावील तिथे जातो. बापाने उभा केला, तो गेल्यावर धाकट्याने हातात घेतला. थोरला असून मी मालक कसा नाही, असं लोक विचारतात. मला ताल सांभाळता येतो, माणसं सांभाळता येत नाहीत. मी मोठा ढोल वाजवतो आणि मागून चालतो. धाकट्याला माणसं सांभाळता येतात, म्हणजे त्यांच्यावर ओरडता येतं. सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याची सूनसुद्धा मास्तरच म्हणते, फक्त तो समोर नसताना.

मास्तर आधी ट्रंपेट वाजवायचा. भाऊ म्हणून सांगत नाही, पण त्याने सूर लावला की रस्त्यावरची भांडणं थांबायची. मग त्याचे पुढचे दात गेले. ट्रंपेटला फुंकतात ते ओठ, पण ओठांना मागून आधार लागतो तो पटाशीच्या दातांचा. त्याने कवळी बसवून पाहिली. पहिल्याच उंच सुराला ती सुटली आणि ओठांच्या बाहेर आली. बँडमधली पोरं हसून हसून लोळली. त्या दिवसापासून त्याने ट्रंपेट भिंतीला टांगलं आणि हातात छडी घेतली. तेव्हापासून तो बोलतो कमी, ओरडतो जास्त.

त्याची नात सात वर्षांची. बोलता यायच्या आधीपासून ही पोर तोंडाने पींपीं करत घरभर फिरायची, म्हणून तिला आम्ही पिपाणी म्हणतो. मास्तरने तिच्यासाठी लहान ट्रंपेट आणलं, पितळी बटणांचा निळा कोट शिवून घेतला आणि तिला बँडच्या पुढे उभं केलं. एवढीशी पोर गाल फुगवून असा सूर लावायची की माणसं हातातली पिशवी खाली ठेवून ऐकायची. पुढे पुढे बोलावणं यायचं तेच असं : "बँड आणा, पण ती छोटी हवी."

तिचे खालचे दोन दात आदल्या वर्षी पडले आणि नवेही आले. खालच्या दातांवाचून कसंबसं भागतं. या वर्षी वरचे हलायला लागले, आणि नेमका हंगाम तोंडावर आला.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. पिपाणी समोर बसून पाव दुधात बुडवत होती आणि नुसता चोखत होती.

"काय गं, माझ्यासारखी म्हातारी झालीस का? चाव की."

"भूक नाही."

"भूक नाही तर चोखतेस कशाला?"

तिने खांदे उडवले. तिची आई ओट्यापाशी उभी होती. ती वळलीसुद्धा नाही. "तिचं तोंड आलंय, मोठे बाबा," एवढंच म्हणाली.

मला ते पटलं नाही. ही पोर हसली की तिचा घसा दिसतो, आणि चार दिवस झाले, हसताना तोंडावर हात धरत होती. मी उठलो आणि तिच्या काखेत गुदगुल्या केल्या. ती खिदळली, मान मागे टाकली, आणि मला दिसलं.

वरच्या चार दातांमधून निळा दोरा ओवलेला होता. आतून बाहेर, बाहेरून आत, वेणी घालावी तसा, आणि कडेला सुळ्यापाशी गाठ. आमच्या कोटांची बटणं शिवायचा नायलॉनचा दोरा, मी ओळखला. मधले दोन दात त्या दोऱ्याच्या जोरावरच तोंडात होते. हिरडी सुजून जांभळी झाली होती, दोरा तिच्यात रुतला होता. आणि त्या दोन दातांच्या मागे, टाळूच्या बाजूला, पांढरी कड बाहेर आली होती. नवा दात. त्याची वाट अडवलेली, म्हणून बिचाऱ्याने मागून वाट काढली होती.

"हे कोणी केलं?"

पिपाणीने तोंड घट्ट मिटलं. मग आईच्या पाठीकडे पाहून हळूच म्हणाली, "आजोबांनी. कोणाला सांगायचं नाहीये. रविवारचं वाजवून झालं ना, की सोडणार आहेत."

"दुखत नाही?"

"वाजवताना दुखतं फक्त. आणि खाताना. आणि दात घासताना."

मी तिला बाहेर खेळायला पाठवलं आणि सुनेकडे वळलो. "तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि तू गप्प बसलीस? आई आहेस ना तिची?"

तेव्हा ती वळली. हातात ओला चमचा होता, तो तिने माझ्यावर रोखला. "मी काय करायला हवं होतं? दोरा पाहिला त्या दिवशी यांना म्हटलं, तुमच्या वडिलांना सांगा. हे म्हणाले, सांगतो. अजून सांगताहेत. आणि तुम्ही, मोठे बाबा? तुम्ही ढोल बडवता एवढा जोरात, घरात कधी आवाज चढवलात त्यांच्यापुढे?"

तिचा नवरा, म्हणजे मास्तरचा मुलगा, क्लॅरिनेट झकास वाजवतो, पण बाप समोर आला की त्याची दातखीळ बसते. आणि मला माझा भाऊ ठाऊक आहे. पण त्या सकाळी चहा तसाच टाकून मी तालमीच्या खोलीकडे निघालो.

मास्तर खोलीत एकटा होता. कोट खुंट्यांवर लावत होता, एकेकाच्या बाहीवरची धूळ झटकत होता.

"दोरा सोड," मी दारातूनच म्हणालो.

त्याने मागे वळून न बघता विचारलं, "कसला दोरा?"

"पोरीच्या तोंडातला. कात्री आण आणि आत्ता सोड."

"दादा, तुला त्यातलं कळत नाही."

"मला कळत नाही? तुझे दुधाचे दात मी काढलेत या हाताने! दात हलला की रडत माझ्याकडे यायचास, आईकडे नाही. तेव्हा मी तुझ्या दातांना टाके घातले होते का रे?"

"तेव्हा मी ट्रंपेट वाजवत नव्हतो." आता तो वळला. "ऐक जरा. दात पडले की पुढे भगदाड. वारा फुसकन बाहेर. नवे पुरते खाली यायला महिने जातात. तोवर हंगाम संपला. ओठ सूर विसरतात, दादा. मला विचार. महिनाभर वाजवलं नाही तर ओठ परके होतात."

"होऊ दे परके. पुन्हा ओळख होईल. सात वर्षांची आहे ती."

"पुढच्या वर्षी आठ. मग नऊ. मग बाकीच्या पोरींसारखी एक पोरगी. आज लोक थांबतात ते का थांबतात? एवढीशी आहे म्हणून."

"मग तिला मोठी होऊच देऊ नकोस की! पायांनाही दोरा बांध. डोक्यावर दगड ठेव."

"तोंडाला येईल ते बोलू नको."

"दुधाचा दात पडतो तो खालून नवा ढकलतो म्हणून पडतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू वरून बांधलास, तर तो मागून आला. जाऊन बघ, टाळूपाशी आलाय. उद्या तिचे दात दोन रांगांत आले, वेडेवाकडे झाले, तर तुझ्यासारखीच ट्रंपेट भिंतीला टांगेल. तुझे निदान म्हातारपणी गेले."

हे त्याला लागलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. वरच्या ओठामागची कवळी त्याने जिभेने आत दाबली, राग आला की तो तसं करतो. "रविवारी वाजवेल," तो म्हणाला. "रविवारी दुपारी मी स्वतः दोरा सोडेन. मधे कोणी हात लावला तर पुन्हा बांधेन. आणि तू ढोलकऱ्या आहेस, ढोलाचं बघ."

मला त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली. म्हाताऱ्या भावाने म्हाताऱ्या भावाच्या कानाखाली काढायची, तीही निळ्या कोटांच्या रांगेत! मी दातओठ खात परत फिरलो आणि येताना सुनेच्या शिवणाच्या डब्यातून बारीक कात्री उचलली.

मला वाटलं होतं, अवघड आहे तो माझा भाऊ. पिपाणी तर लगेच तोंड उघडेल. पण कात्री पाहताच ती टेबलाखाली शिरली.

"नको ना, मोठे आजोबा! नका ना कापू!"

"अगं, दुखायचं थांबेल. दात पडेल, नवा येईल. तुझा दात आहे तो, त्याला येऊ दे."

"दात पडला तर माझा कोट दुसऱ्याला देणार."

"असं कोण म्हणालं?"

"आजोबा. ते म्हणाले, बोळक्या पोरीला कोट मिळत नाही." तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि हातांमागून बोलायला लागली. "मी दाढेने खाते. मी रडत पण नाही. रविवारी मला तो मोठा सूर वाजवायचाय. एकदाच. मग कापा."

मी गुडघ्यांवर बसून तिची मनधरणी केली, रागावलो, पुन्हा मनधरणी केली. तिने जबडा आवळून धरला होता. आता काय, पोरीचा जबडा उचकटून आत कात्री घालू? मग माझ्यात आणि त्याच्यात काय फरक उरला? मी कात्री डब्यात परत टाकली. मला त्याचा राग आला होताच, आता तिचाही आला. सात वर्षांच्या पोरीला दुखणं गिळायला शिकवलं होतं आणि ती ते शहाणपण समजत होती.

रविवारी बाजारपेठेत कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचं उद्घाटन होतं. दारावर फुगे, फूटपाथवर खुर्च्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी. आम्ही चौकातून वाजवत दुकानापर्यंत जायचं, दारापाशी थांबायचं, आणि तिथे पिपाणीने एकटीने वाजवायचं. मास्तर पुढे छडी घेऊन. त्याच्या मागे ती, निळा कोट, केसांना पाणी लावून चापून भांग पाडलेला. सून फूटपाथवरून आमच्याबरोबर चालत होती, हातात पर्स घट्ट धरून. मास्तरचा मुलगा क्लॅरिनेट ओठाला लावून खाली मान घालून वाजवत होता.

दारापाशी आम्ही थांबलो. बाकीची वाद्यं गप्प झाली. फक्त माझा ढोल हळू चालू, तिला ताल द्यायला. पिपाणीने ट्रंपेट उचललं, त्याच्या तोंडाची पितळी वाटी ओठांवर टेकवली. मला ती पाठमोरी दिसत होती, तरी मला कळलं, कारण तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. दुखणाऱ्या माणसाचे जातात तसे. तिने वाजवायला सुरुवात केली. चांगलं वाजवलं. लोक थांबले. कोणीतरी म्हणालं, "अरे, केवढीशी आहे ती!"

मोठा सूर आला तेव्हा तिने वाटी ओठांवर जोरात दाबली, तिला तसंच शिकवलं होतं. सूर वर गेला आणि फाटला. तिने श्वास घेतला, पुन्हा दाबली. पुन्हा फाटला. ट्रंपेट खाली घेतलं तेव्हा वाटीला रक्त होतं. हनुवटीवरून एक ओघळ कोटाच्या पहिल्या बटणावर उतरला. तिने बाहीने तोंड पुसलं आणि ट्रंपेट तिसऱ्यांदा वर उचललं.

मास्तर तिच्या समोर होता. त्याला सगळं दिसत होतं. त्याने छडी हलवली. पुन्हा. चालू ठेव.

माझे हात थांबले. मी थांबवले की आपोआप थांबले, सांगता येणार नाही. चालता ढोल मधेच थांबला की सगळ्या रस्त्याला कळतं, पायाखालची पायरी निसटावी तसं होतं. लोकांनी माना वळवल्या.

"ढोल!" मास्तर ओरडला.

मी पट्टा गळ्यातून काढला आणि ढोल रस्त्यावर ठेवला. "पोरीच्या तोंडातून रक्त येतंय," मी म्हणालो. एवढ्या मोठ्याने म्हणालो की दुकानाचा मालक खुर्चीतून उठला. "सात वर्षांच्या पोरीच्या तोंडातून रक्त येतंय, आणि तू छडी काय हलवतोस? दिसत नाही तुला?"

"दादा, इथे तमाशा नको."

"तमाशा तू मांडलास! पोरीचे दात शिवून तू तिला रस्त्यावर उभी केलीस!"

गर्दीत कुजबुज झाली. "शिवून म्हणजे?" कोणीतरी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सून फूटपाथ उतरून मधे आली होती. तिने मला बाजूला केलं, नवऱ्याला बाजूला केलं, तो वाटेत नव्हता तरी. पिपाणीच्या समोर खाली बसली. पर्समधून नेलकटर काढलं. "आ कर," ती म्हणाली. पिपाणीने मान हलवली. "आ कर म्हणते ना!" असा आवाज तिच्या तोंडून आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता. पिपाणीने आ केला.

कट्ट झालं. मग दुसऱ्यांदा. सुनेने दोऱ्याचं टोक धरून ओढलं आणि दोरा बाहेर आला, त्याच्याबरोबर मधले दोन दात, रक्ताने माखलेले, दोऱ्यात अडकून लोंबणारे. पिपाणी किंचाळली नाही. ती जिभेने तोंडातली रिकामी जागा चाचपत राहिली.

सून उठली, मास्तरसमोर गेली. त्याच्या पांढऱ्या हातमोज्यात तिने तो दोरा ठेवला आणि त्याची बोटं स्वतःच मिटवली.

"घ्या. तुम्हाला हवे होते ना, तुम्हीच लावा. आणि वाजवा."

दुकानाचा मालक "अहो, पाणी आणा कोणीतरी" म्हणत होता. एक बाई ओढणीच्या टोकाने पोरीची हनुवटी पुसत होती. आणि पिपाणी अचानक रडायला लागली, दुखतंय म्हणून नाही. "मला तो सूर वाजवायचा होता!" ती आईवर ओरडली. "आता नाही वाजणार! तुझ्यामुळे!" मी तिला उचलून घ्यायला गेलो तर तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला, खालच्या दोन नव्या दातांनी. त्यांची धार अजून करवतीसारखी होती. मी हात काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सून आणि मी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. तिचा बाप आला नाही. तो पहाटेच उठून कुठेतरी निघून गेला होता, क्लॅरिनेट घेऊन. डॉक्टरीणबाईंनी पोरीला उंच खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला, आरसा आत घातला.

"नवे दोन्ही येतायत," त्या म्हणाल्या. "जरा मागे आहेत. पुढचे अडून बसले होते म्हणून. आता जागा झाली आहे, जीभ त्यांना रोज थोडं थोडं पुढे ढकलेल. बहुतेक सरळ होतील. नाही झाले तर पुढे बघू. हिरडीची मात्र वाट लागली आहे. मिठाच्या पाण्याने गुळण्या, आणि हे दात पुरते खाली येईपर्यंत ट्रंपेटला हात लावायचा नाही."

पिपाणी छताकडे बघत होती.

"पण हे हिरडीवर वळ कसले? काहीतरी बांधलं होतं का इथे?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो.

"दोरा होता," पिपाणी म्हणाली.

"कोणी बांधला?"

"मी."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तू? आरशात बघून? मागून गाठ मारलीस?"

"हो. मीच बांधला. मला वाजवायचं होतं."

तिने ते इतक्या निवांतपणे सांगितलं की क्षणभर माझाही विश्वास बसला असता. आजोबाने तिला कोटाची भीती घातली, तिच्या तोंडात दोरा ओवला, रक्त आलं तरी छडी हलवली, आणि ही पोर परक्या माणसासमोर त्याला पाठीशी घालत होती. आमच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नाही. तिचा बाप असाच शिकला. मीही असाच शिकलो.

"खोटं बोलतेय," मी म्हणालो. "माझ्या भावाने बांधला. तिच्या आजोबाने. दात पडले तर हंगाम बुडेल म्हणून. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

सुनेने मान खाली घातली नाही. डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांना घेऊन या माझ्याकडे."

बाहेर रस्त्यावर आल्यावर पिपाणी आमचे हात झिडकारून पुढे चालायला लागली. थोडं गेल्यावर वळली. तोंड उघडलं की मधोमध काळी फट दिसत होती.

"तुमच्याशी कट्टी, मोठे आजोबा. तुम्ही आजोबांचं नाव सांगितलंत. मी त्यांना सांगणार."

"सांग."

"ते तुम्हाला बँडमधून काढतील."

"काढू दे."

ती पाय आपटत पुढे गेली. सून माझ्या बाजूने चालत होती, औषधाची पिशवी मुठीत आवळून.

"मास्तर आता तालमीच्या खोलीतच असतील," ती म्हणाली.

"असू दे. मला बोलायचंच आहे त्याच्याशी. तू पोरीला घेऊन घरी जा."

"नाही, मोठे बाबा." ती माझ्यापेक्षा भरभर चालायला लागली. "पोरीला तुम्ही घरी न्या. त्यांच्याशी आज मी बोलणार आहे."